खाटांचा हिशेब आणि माणसाची साक्ष

मनोरुग्णालय चांगलं की वाईट, हे ठरवायची आपली जुनी रीत खाटांच्या हिशेबाची आहे. पुण्यातल्या येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची क्षमता २,५४० खाटांची. शहराच्या पूर्व कडेच्या मांजरीतल्या एखाद्या घरात कुणाचा मानसिक आजार हाताबाहेर गेला, तर मुळा-मुठेपलीकडच्या या रुग्णालयाचं नाव निघतंच. पण तिथे किंवा कुठल्याही मनोरुग्णालयात राहून आलेल्या माणसाला कसं वागवलं गेलं, तो पुन्हा कामाधंद्याला लागला का, हे खाटांच्या आकड्यावरून कळत नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने बंगळूरच्या 'निम्हान्स' या मानसिक आरोग्य संस्थेकडून देशातल्या ३७ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करून घेतली. १९९९ साली आलेल्या त्या अहवालाने तुरुंगासारख्या इमारती आणि कोंबून भरलेले वॉर्ड देशापुढे ठेवले. तो अहवाल महत्त्वाचाच होता. मात्र एकदा पाहणी करून निघून गेल्याने रोजची वागणूक बदलत नाही.

या अडचणीवर नेटाने काम करणारी एक संस्था पुण्यातच आहे. लॉ कॉलेज चालवणाऱ्या इंडियन लॉ सोसायटीचं 'सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी'. मनोविकारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पठारे त्याचे प्रमुख. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या मसुद्यातही त्यांचा वाटा होता.

या केंद्राने २०१४ ते २०१६ या काळात गुजरातच्या सरकारी मनोरुग्णसेवेत जागतिक आरोग्य संघटनेची 'क्वालिटीराइट्स' पद्धत राबवली. सहा ठिकाणी बदल करायचे आणि तीन ठिकाणं तुलनेला ठेवायची, अशी रचना होती. तपासणीतले प्रश्न वाचले की खाटांचा हिशेब किती तोकडा आहे ते उमगतं. रुग्णाला स्वतःचे कपडे घालता येतात का? कधी उठायचं, कधी झोपायचं हे तो ठरवू शकतो का? फोनवर घरच्यांशी बोलताना कुणी कान देऊन उभं असतं का? औषध देण्याआधी त्याची संमती घेतली जाते का? कोंडून ठेवणं, बांधणं होतं का? बाहेर पडल्यावर राहायला घर आणि हाताला काम मिळावं म्हणून मदत होते का? उत्तरं नुसती कर्मचाऱ्यांकडून घ्यायची नाहीत. रुग्ण आणि नातेवाईक यांच्याशी स्वतंत्र बोलायचं, कागद तपासायचे, वॉर्डात फिरून स्वतः बघायचं. या पद्धतीत तपासणाऱ्यांच्या गटातही आजार भोगलेली माणसं असावी लागतात. मला ही अट सगळ्यांत मोलाची वाटते. वॉर्डात दिवस काढलेल्या माणसाला कुठे बघायचं ते नेमकं ठाऊक असतं.

उणिवा सापडल्यावर प्रत्येक ठिकाणी सुधारणेचा आराखडा झाला, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळालं, रुग्णांचे आणि कुटुंबीयांचे आधारगट सुरू झाले. बदल झालेल्या ठिकाणी सेवेचा दर्जा वाढला, कर्मचाऱ्यांची रुग्णांकडे बघण्याची नजर निवळली आणि नातेवाइकांवरचा भार हलका झाला. नऊच ठिकाणांचा हा अनुभव आहे, हे विसरून चालणार नाही. तरी दिशा स्पष्ट दिसते.

रुग्णालयाच्या भिंतींबाहेरची सेवा मोजणं याहून अवघड. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात याच केंद्राने 'आत्मीयता' नावाचा उपक्रम सुरू केला. गावातलीच विश्वासू माणसं निवडून, त्यांना शिकवून, दुःखात असलेल्या शेजाऱ्यांशी बोलायला लावायचं. गंभीर आजार दिसला तर डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. निराधारांना सरकारी योजना मिळवून द्यायची. पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात ६४५ गावांत त्याची कसून परीक्षा झाली. गावं गटागटाने उपक्रमात आली आणि कुठला गट आधी हे चिठ्ठीवर ठरलं. ज्यांची पाळी यायची होती, तीच गावं तोवर तुलनेला. त्यामुळे कुणालाही कायमचं वंचित ठेवावं लागलं नाही. मोजमाप बारा प्रश्नांचं: काळजीने झोप उडते का, निर्णय घेता येतात का, आपला कुणाला उपयोग आहे असं वाटतं का. तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं, आठ महिन्यांनीही. 'आत्मीयता' पोचलेल्या गावांत सावरलेल्यांचं प्रमाण जास्त होतं आणि आठव्या महिन्यातही ते टिकून होतं.

आता मांजरीकडे बघू. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आली. ऊस-द्राक्षांच्या या शिवारात आता उंच इमारती आहेत, परगावाहून आलेली कुटुंबं आहेत, आणि मनाच्या आजाराबद्दल शेजाऱ्याशी बोलावं इतकी ओळख अजून झालेली नाही. इथे खाटांपेक्षा आधी लागणार आहेत ऐकून घेणारी माणसं. आणि त्यांच्या ऐकण्याने फरक पडतो का, हे दर काही महिन्यांनी तपासायची सवय.

अशा तपासणीला कायद्याने आधार दिला आहे. २०१७च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या प्रत्येक मानसिक आरोग्य आस्थापनेची तपासणी दर तीन वर्षांनी व्हायला हवी, आणि तपासणाऱ्यांमध्ये स्थानिक लोकांच्या प्रतिनिधींचा समावेश कायद्यानेच सांगितला आहे. म्हणजे मांजरीतली, हडपसरची, येरवड्याची साधी माणसंही प्रतिनिधी म्हणून वॉर्डात शिरून विचारू शकतात: इथे तुम्हाला तुमचे कपडे घालू देतात का?