मोबाइलवरील ऊस नोंद आणि आपला उतारा



गटात फिरताना एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, मोबाइलवर नोंद केली म्हणून ऊस गोड होतो का?" नाही होत. पण गोड झालेला ऊस वेळेवर गव्हाणीत पडतो की नाही, हे या नोंदीवरच ठरते. ते कसे, ते पाहू.

पूर्वी लागणीची नोंद वहीत व्हायची. तोड लवकर मिळावी म्हणून तारीख मागे ओढायची, ही चाल आपल्यालाही ठाऊक आहे. समजा, 20 जानेवारीची सुरू लागण 20 नोव्हेंबरची म्हणून लिहिली. डिसेंबरच्या आरंभी टोळी आली, तर कागदावर तो ऊस साडेबारा महिन्यांचा, पण रानात साडेदहाच महिन्यांचा! कोवळा ऊस गाळला की साखर कमी पडते. शेजारच्या बांधावरचा खरोखर पक्व ऊस मात्र उभाच राहतो, तुरे येतात, वजन घटते.

आता कर्मचारी तुमच्या रानात येऊन, शेताला फेरी मारून, जागेवरच नोंद घेतो. क्षेत्र उपग्रहाच्या आधाराने मोजले जाते, तारीख त्याच दिवशी पडते. साखर आयुक्तालयानेही 2022 मध्ये 'महा-ऊस नोंदणी' ॲप आणले. त्याआधीच्या 2021-22 च्या हंगामात मराठवाड्यात ऊस इतका जादा झाला, की काही कारखाने जूनपर्यंत चालवावे लागले. उन्हात वाळणाऱ्या उसाकडे बघत बसण्याची पाळी काय असते, ते आपण विसरलेलो नाही. किती ऊस कोठे उभा आहे, हे आधी नीट कळले तरच असे नियोजन वेळेत करता येते.

दुसरी गोष्ट ताज्या उसाची. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितके त्याचे वजन आणि साखर घटते. म्हणून तो शक्यतो 24 तासांच्या आत गाळला जावा. काट्यावरचा संगणक यार्डात किती गाड्या उभ्या आहेत ते सांगतो, त्यावरून टोळ्यांना तोड कमी-जास्त करायला सांगता येते. उलट गव्हाण रिकामी राहिली तर गाळप थांबते, पण बगॅस जळतच राहते.

आता हिशेब बघा. 1,000 टन गाळपात उतारा 0.1 टक्क्याने वाढला, तर 10 क्विंटल साखर जास्त निघते. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये एफआरपी ठरविली आणि त्यापुढील प्रत्येक 0.1 टक्क्याला 34 रुपये 60 पैसे वाढ दिली. यातून तोडणी-वाहतूक खर्च वजा होतो. उतारा सगळ्या कारखान्याचा धरतात, त्यामुळे एकाच्या खोट्या तारखेचा भुर्दंड सगळ्यांना बसतो.

हे यंत्र कर्मचाऱ्यांनाही सोडत नाही. वशिल्याने पुढे घेतलेली तोड त्यात दिसते. दिसली की आम्हाला जरूर विचारा.

म्हणून एवढे करावे : नोंदीच्या वेळी स्वतः रानात हजर राहावे. गट नंबर, जात, लागण की खोडवा आणि तारीख तपासावी. मोबाइल नंबर बदलला असल्यास गट ऑफिसला कळवावे. काट्याचा संदेश पावतीशी ताडून पाहावा. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांनी गट ऑफिसात यावे, नोंद वाचून दाखविली जाईल.

आपला,
ऊस विकास अधिकारी