छायाचित्रसंग्रह, अंकीय : छाननी
अंकीय छायाचित्रांच्या संग्रहातून अनावश्यक चित्रे वगळून साठवणीची जागा मोकळी करण्याची क्रिया. ३५ मिमी. फिल्मच्या एका रिळावर सामान्यतः २४ किंवा ३६ चित्रे घेता येत. त्यामुळे निवड बहुतांशी चित्र घेण्यापूर्वीच होई. ईस्टमन कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये अंकीय कॅमेऱ्याचा आद्य नमुना तयार केला. पुढे कॅमेरा मोबाइल फोनमध्ये आला, चित्रामागील खर्च जवळजवळ नाहीसा झाला आणि निवडीचे काम मागाहून करावे लागू लागले.

छाननीत प्रथम चलचित्रफिती पाहतात, कारण त्या सर्वाधिक जागा व्यापतात. त्यानंतर पडद्याची चित्रे, संदेशांतून आलेली शुभेच्छाचित्रे व पुनरावृत्त प्रती वगळतात. तंतोतंत समान प्रती संगणक ओळखू शकतो. परंतु एकाच प्रसंगाच्या अनेक चित्रांतून कोणते राखावयाचे, हे संग्राहकासच ठरवावे लागते.

समक्रमित संग्रहातून काढलेले चित्र सर्व जोडलेल्या उपकरणांवरून नाहीसे होते. म्हणून समक्रमण म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. ॲपलच्या ‘फोटोज’मध्ये काढलेली चित्रे सामान्यतः ३० दिवस वेगळ्या विभागात राहतात. ती तेथूनही काढल्याखेरीज जागा मोकळी होत नाही, मात्र त्यानंतर ती परत मिळत नाहीत. यास्तव छाननीपूर्वी संग्रहाची प्रत स्वतंत्र तबकडीवर घेऊन ती उघडते याची खात्री करणे आवश्यक असते. अस्पष्ट चित्रही एखाद्या दिवंगत व्यक्तीचे एकमेव चित्र असू शकते. तेव्हा केवळ तांत्रिक दोषावरून चित्र वगळणे इष्ट नाही.