चहा गरम होता, पण…

दर एप्रिलला आपलं अप्रेझल होतं. पाचपैकी साडेतीन मिळाले की आपण आठवडाभर फुगून बसतो. पण आपल्यावर उपचार करणाऱ्यांना पाचपैकी मार्क कोण देतं?

मला हा प्रश्न पडला डिस्चार्जच्या दिवशी. डिप्रेशनमुळे मी १८ दिवस एका हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात होते. निघताना फीडबॅक फॉर्म हातात आला. खोली स्वच्छ होती का? बिलिंगला वेळ लागला का? चहा गरम होता का? मी इमानदारीत टिका मारल्या. चहा खरंच गरम होता. पण ‘तुला पुढं काय करायचंय?’ हे १८ दिवसांत एकानंही विचारलं नव्हतं. मी नोकरी सोडावी की नाही, हेसुद्धा डॉक्टर आईशी बोलले. मी शेजारच्याच खुर्चीत होते!

फाइलवर शेरा होता, ‘लक्षणं कमी’. झोप लागत होती, रडू थांबलं होतं. कबूल, औषधांचीच ती कमाल. पण आयुष्याचं काय?

घरी वाचता वाचता ‘रिकव्हरी सेल्फ असेसमेंट’ सापडलं. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलेली ३६ विधानांची प्रश्नावली. इथं रिकव्हरी म्हणजे आजार साफ जाणं नव्हे; तो थोडाफार सोबत असला तरी आयुष्याची सूत्रं आपल्या हातात येणं. म्हणून ती चहाचं विचारत नाही. स्टाफ तुमचे निर्णय ऐकतो का? धाक दाखवतो का? थेरपिस्ट बदलून मिळतो का? काम, शिक्षण, छंद यांत परत शिरायला मदत होते का? प्रत्येकाला १ ते ५ गुण.

खरा फंडा पुढंच आहे. तीच विधानं पेशंट, नातेवाईक, स्टाफ आणि संस्थेचे प्रमुख अशा चौघांना देतात. प्रमुखांनी ५ दिले आणि पेशंटनं २, तर मधला ३ चा फरक हाच खरा रिपोर्ट!

हे सगळं फॉरेनचं फॅड नाही बरं का. गुजरातेत २०१४ पासून काही सरकारी केंद्रांत जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘क्वालिटीराइट्स’ निकषांवर असंच मोजमाप आणि सुधारणा झाल्या. त्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं केंद्रही होतं. आणि २०१८ मध्ये लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्यानं, पुढं आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा हक्क आपल्याला दिलाय.

मी प्रश्नावली भरली. सिस्टरांच्या वागण्याला ४, बाकी बहुतेक २. फॉलोअपला कागद घेऊन गेले तेव्हा पोटात गोळा आला होता. डॉक्टरांनी तो शांतपणे वाचला. मग म्हणाले, ‘बरं, सांग. काय हवंय तुला?’

‘सकाळच्या गोळीनं लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलकी लागते. आणि मला नोकरी सोडायची नाहीये.’

गोळी रात्रीवर गेली. पहिला महिना अर्धा दिवस ऑफिस, असं पत्रही मिळालं.

याला दोन वर्षं झाली. वाईट दिवस अजूनही येतात. पण या एप्रिलला मला साडेतीन मिळाले आणि मी आठवडाभर फुगून बसले. अगदी तुमच्यासारखीच!

विचारून बघा
• माझं ध्येय फाइलमध्ये लिहिलंय का?
• दुसरा पर्याय काय?
• निर्णय माझ्याशी बोलून होतोय ना?
बोलायला कुणी हवं असेल तर सरकारी ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन : १४४१६