वीस क्रेडिटं आणि एक बंद खोली

अभियांत्रिकीच्या पदवीवर ‘ऑनर्स’ हा शब्द यायला काय लागतं, याचं कागदावरचं उत्तर सोपं आहे: वीस जादा क्रेडिटं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीचा भार १६० क्रेडिटांवर आणला आणि ज्याला झेपेल त्याने वर वीस मिळवून ऑनर्स घ्यावं, अशी सोय ठेवली. पुणे विद्यापीठाने २०१९ च्या पॅटर्नमध्ये ती उचलली. तिसऱ्या वर्षापासून डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, इलेक्ट्रिक वाहनं असे विषय मूळ शाखेच्या जोडीला घेता येतात. सक्ती नाही, घेतलं नाही म्हणून पदवी अडत नाही. थिअरीच्या एका क्रेडिटला पंधरा तास धरले तर हे तीनशे तास झाले. चार सत्रांत वाटले तर आठवड्याला पाच. निगडी-आकुर्डीच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरांनी हे पाच तास कुठून काढायचे? मूळ वेळापत्रक ठासून भरलेलं, त्यामुळे ऑनर्सचा तास सहसा दिवसाच्या शेपटाला लागतो. कुणाला आकुर्डी स्टेशनवर लोणावळा लोकल गाठायची असते. चाकणकरांच्या नशिबी रेल्वेच नाही. त्यांची बस तळवड्याच्या चौकात कंपन्यांच्या गाड्यांमागे अडकणार. हजेरीला ‘येस सर’ म्हणून पोरं बाहेर पडतात आणि पाच मिनिटांत वर्गाला कुलूप. ऑनर्सचा खरा फायदा तास संपल्यानंतरच्या अर्ध्या तासात आहे, आणि आपण नेमका तोच वेळापत्रकातून कापून टाकला आहे, असं माझं म्हणणं आहे.

असं का म्हणायचं, ते बॅटरीच्या एका पॅकवर दाखवता येईल. आकुर्डीत जिथे बजाजची चेतक स्कूटर तयार व्हायची, तिथे जून २०२२ पासून इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना आहे, म्हणजे हा विषय इथल्या पोरांच्या अगदी दारातला. ४८ व्होल्टचा साधा पॅक घ्या. ३.७ व्होल्टचे लिथियम-आयन सेल तेराच्या मालिकेत जोडले की तो होतो. मालिकेत जोडणी असल्यामुळे एक सेल ढिला पडला की बाकीचे बारा बसून राहतात. संरक्षणासाठीचं सर्किट सगळा पॅकच तोडतं. आता समजा, स्क्रीनवर तीस टक्के चार्ज दिसतोय आणि गाडी अचानक बंद पडली. कॉम्प्युटरची मुलगी चार्ज मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधेल. इलेक्ट्रिकलचा मुलगा मल्टीमीटर लावून एकेक सेल तपासेल आणि सातवा सेल खाली गेल्याचं सांगेल. मेकॅनिकलवाला विचारेल, सातवाच का? तो पॅकच्या पोटात आहे, तिथली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून तो आधी म्हातारा होतो. तिघांचीही उत्तरं आपापल्या जागी बरोबर, पण गाडी सुरू व्हायला तिघं एका टेबलाशी बसायला हवेत. चाकणच्या वाहन कंपन्यांत अशा बसण्याला सीएफटी म्हणतात, क्रॉस-फंक्शनल टीम. कॉलेजात वेगवेगळ्या शाखांची पोरं एका बाकावर आणणाऱ्या जागा फार थोड्या. ऑनर्सचा वर्ग ही त्यातली एक. तिथे त्यांनी नुसती हजेरी लावून निघून जायचं, हा शुद्ध तोटा आहे.

ओळख शिकवण्यातून होत नाही, एकत्र अडकण्यातून होते. बाहा स्पर्धा पाहा. २००७ पासून विद्यार्थ्यांचे संघ खडबडीत रस्त्यावर धावणारी गाडी स्वतः बांधतात. पिंपरी-चिंचवडच्या कॉलेजांनाही ती चांगली ओळखीची. वर्कशॉपमध्ये रात्र काढणाऱ्या या पोरांना क्रेडिटं कोण देतं? तरी ती थांबतात, कारण तिथे एक शेड आहे, एक ठरलेली तारीख आहे आणि मोडलेला सस्पेन्शन आर्म सगळ्यांचा मिळून आहे. मागे जाऊन पाहायचं तर १८७९ च्या सुमारास टिळक आणि आगरकर यांच्यात शाळा काढण्याचं जे बोलणं झालं, ते डेक्कन कॉलेजात राहत असतानाच. दोघांचे अभ्यासक्रमही वेगळे होते, एकाचा कायदा, दुसऱ्याचं एम.ए. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं. ते बोलणं कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं.

यावर पहिला आक्षेप असा की, पोरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, आता खोली कशाला? ग्रुप असतोच. त्यावर सबमिशनची तारीख येते, नोट्सची पीडीएफ येते. सातवा सेल त्यावर सापडत नाही. ऑनलाइन कोर्स करूनही ही क्रेडिटं मिळवता येतात, अशी तरतूद मूळ अभ्यासक्रमात आहे. ज्याला प्रवासच परवडत नाही त्याच्यासाठी ती चांगलीच, पण सगळ्यांनी तीच वाट धरली तर ऑनर्स म्हणजे घरबसल्या मिळवलेलं आणखी एक प्रमाणपत्र. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हुशार पोरांचा वेगळा कळप केला तर बाकीच्यांचं काय? भीती खोटी नाही. पण या पट्ट्यात कोण शिकतं तेही पाहायला हवं. वडील तीन पाळ्यांत राबणारे, घरात आधी कुणी इंजिनिअर झालेलं नाही, अशी मुलं इथे कमी नाहीत. ज्याच्या घरी मामा किंवा काका कंपनीत मॅनेजर आहे, त्याला ओळखीपाळखी फुकट मिळतात. बाकीच्यांना त्या कॉलेजातच जोडाव्या लागतात. म्हणून त्या खोलीचं दार ऑनर्स न घेतलेल्यांनाही उघडं हवं. कळप होतो तो दार लावल्यामुळे. ‘कंपन्यांना कौशल्य हवं, मैत्री नको’ हा तिसरा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. सीएफटीत तोंड न उघडणाऱ्या इंजिनिअरबद्दल चाकणमधल्या कुठल्याही टीम लीडरला विचारा.

हा प्रश्न आता अभियांत्रिकीपुरता राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणात कला, वाणिज्य, विज्ञानालाही चौथं वर्ष आणि ऑनर्स आलं आहे. तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटांची, चौथ्या वर्षासह किमान १६०. संशोधनासह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायची मुभा आहे, आणि कारखान्यांच्या या गावात बरेच जण ती घेतील, घ्यावीही लागेल. मग चौथ्या वर्षाला एखाद्या विषयात चार-पाच डोकी उरली, तर त्यांची सोबत कोणाची? पिंपरी, निगडी, आकुर्डी, चाकण इथल्या कॉलेजांनी हे वर्ग एकत्र करावेत. आठवड्यातली एक दुपार मोकळी ठेवून एक खोली द्यावी आणि तिची किल्ली विद्यार्थ्यांकडे ठेवावी. पैसा फारसा लागणार नाही. वेळापत्रक करणाऱ्यांशी भांडावं लागेल. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं, म्हणजे त्यांची पहिली तुकडी चौथ्या वर्षात पोचेल ती २०२७-२८ मध्ये.