प्रत्यक्ष लोकशाही, खानदेशातील

प्रत्यक्ष लोकशाही, खानदेशातील : प्रतिनिधींच्या मध्यस्थीवाचून मतदारांनी स्वतः सभेत वा मतदानाने सार्वजनिक प्रश्नांचा निर्णय करण्याच्या पद्धतीस प्रत्यक्ष लोकशाही म्हणतात. स्वित्झर्लंडमधील ग्लारुस या कँटनात ती खुल्या नागरिकसभेच्या रूपाने टिकून आहे. भारतीय संविधानाने प्रातिनिधिक लोकशाही स्वीकारली असून आमदार-खासदारांना मुदतीपूर्वी परत बोलावण्याची तरतूद तीत नाही. राज्यकर्त्यांवरील विश्वास ढळला, की अशा हक्काची मागणी पुढे येते. 1974 च्या बिहार आंदोलनात जयप्रकाश नारायण यांनी तिचा पुरस्कार केला होता.

या अविश्वासाचे एक ठळक उदाहरण जळगाव येथील घरकुल योजनेचे होय. गरिबांसाठी नगरपालिकेने कर्ज काढून हाती घेतलेली ही योजना अपुरी राहिली. 2006 मध्ये फिर्याद दाखल झाली आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळे येथील विशेष न्यायालयाने माजी मंत्री व नगरसेवक यांच्यासह 48 जणांना दोषी ठरविले. या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले करण्यात आली. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली. या काळात नागरिकांच्या हाती न्यायालय व पुढील निवडणूक यांखेरीज परिणामकारक साधन नव्हते.

गावपातळीवर स्थिती निराळी आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावातील सर्व मतदारांची ग्रामसभा भरते. 73 व्या घटनादुरुस्तीने (1993) तिला संविधानात स्थान मिळाले. पंचायतीचे हिशेब, विकासकामे व लाभार्थींची निवड हे विषय तिच्यापुढे येतात. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांच्या अनुसूचित भागांत 1996 च्या पंचायत विस्तार अधिनियमाने, तसेच 2006 च्या वनहक्क कायद्याने तिचे अधिकार वाढले. दारूबंदीच्या प्रश्नावर 2008 पासून गुप्त मतदानाची सोय आहे. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी ‘आडवी बाटली’ पसंत केल्यास दुकान बंद होते.

साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने 1990 नंतरच्या दशकात सर्वांनी मिळून वनरक्षणाचे नियम ठरविले व मोडणाऱ्यांस दंड लावला. जंगल पुन्हा वाढले, पाणी टिकू लागले. या कार्याचे अग्रणी चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. येथे नियम करणारे व पाळणारे एकच होते आणि निर्णयाचे फळ सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, हे यशाचे मुख्य कारण होय.

तथापि सभा भरली म्हणजे लोकसत्ता आली, असे नव्हे. गणपूर्तीसाठी 15 टक्के किंवा 100 मतदार पुरतात आणि तहकूब सभेस तीही अट राहत नाही. त्यामुळे मोजक्यांच्या संमतीने झालेला ठराव गावाचा ठरू शकतो. भाऊबंदकी, जात व कर्जाचे संबंध यांमुळे दुर्बलांना उघड विरोध अवघड जातो. स्त्रियांना निर्भयपणे बोलता यावे म्हणून स्वतंत्र महिला सभेची तरतूद करावी लागली, ती याच कारणाने. शहरांत तर क्षेत्रसभेची कल्पना कागदावरून फारशी पुढे सरकली नाही. प्रत्यक्ष लोकशाही ही प्रतिनिधींची जागा घेणारी नसून त्यांच्यावर सतत नजर ठेवणारी व्यवस्था आहे. जळगावचा अनुभव तिच्या अभावाची किंमत दाखवितो. बारीपाड्याचा अनुभव तिला लागणारे कष्ट दाखवितो.