टोपणभर औषध

पावसाळा सरताना वाशिंद स्टेशनाबाहेरच्या औषधाच्या दुकानात एकच मागणी असते : "लेकराला खोकल्याचं काहीतरी द्या." बाटलीवर प्लास्टिकचं टोपण, त्यावर अडीच आणि पाच मिलिलिटरच्या रेघा. ऑक्टोबर २०२५मध्ये त्या रेघा बघताना मला १९८६ आठवलं.

त्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. मोठं दुखणं निघालं की आमच्याकडची माणसं कसारा लोकल धरून तिथंच जायची, म्हणून ती बातमी घरातली वाटली. मेंदूवरचा, डोळ्यांतला दाब उतरावा म्हणून रुग्णांना ग्लिसरीन दिलं होतं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं : कारखान्यात वापरायचं, गोडसर, दिसायला ग्लिसरीनसारखंच. त्यानं मूत्रपिंडं निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं खरेदीपासून तपासणीपर्यंतचा सगळा कारभार चव्हाट्यावर आणला. आता तरी हे थांबेल, असं मला मनापासून वाटलं होतं.

पण तेच विष औषधांतून पुन्हा पुन्हा आलं : १९९८मध्ये गुडगाव, २०१९-२०च्या हिवाळ्यात जम्मूतलं रामनगर, २०२२मध्ये गांबिया. सगळीकडे बळी लहान मुलंच.

मग २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. आधी सर्दी-ताप, मग उलट्या, लघवी बंद, पुढे गुंगी. पहिला संशय मेंदूज्वराचा. पण मूत्रपिंडाचा तुकडा तपासल्यावर विषाची खूण दिसली. त्यांना पाजलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या एका बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं, मर्यादा ०.१ टक्का. वीसहून जास्त मुलं गेली.

हे विष शरीरात डायग्लायकोलिक आम्ल होऊन मूत्रपिंडाच्या नलिका मारतं. डायलिसिसनं जीव वाचला तरी आठवडाभरानं काहींचा चेहरा लुळा पडतो, हातपाय गळतात. विजेच्या तारेला वेष्टण असतं तसं मज्जातंतूंवर मायलिन असतं. काहींमध्ये तेच झडतं. २००६मध्ये पनामात खोकल्याच्या औषधानं कित्येकांचे हातपाय असे गेले. लघवी बंद आणि मेंदू सुस्त, ही जोडी दिसली की औषधाची बाटली मागून घेतली पाहिजे. औषधाचा कच्चा माल तपासायला लागतो तो खर्च या दुःखापुढे काहीच नाही, तरी ती तपासणी टळते, याचा मला आजही संताप येतो.

दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्या-सर्दीचं औषध देऊ नये, असं छिंदवाड्यानंतर केंद्र सरकारनं पुन्हा बजावलं. आता शेजारची सून तापलेलं बाळ कडेवर घेऊन दारात आली की मी ताप विचारायच्या आधी विचारतो, "शू कधी केली त्यानं? आणि काल काय पाजलंस, ती बाटली आण बघू."