कोट घेताना आधी खांदा बघा

आजचा विषय एका मेसेजवरून सुचलाय. सप्टेंबरमध्ये मँचेस्टरला मास्टर्स करायला निघालेली एक मुलगी विचारते, "ताई, माझी उंची पाच फूट, छाती भरलेली. आई म्हणते कोट इथूनच घेऊन जा, तिकडे महाग पडेल. ऑनलाइन एक बघून ठेवलाय, फोटोत भारी दिसतोय. घेऊ का?"

नको घेऊस. निदान आत्ता तरी नको. का ते सांगते, पण त्याआधी माझी एक फजिती ऐका.

मीही मँचेस्टरलाच शिकले. डिसेंबरात पदवीदान होतं, आई-बाबा पहिल्यांदाच परदेशात येणार होते. आईसाठी सेलमध्ये एक छान मरून कोट घेतला. आईचा ब्लाउज ३८चा, कोटाच्या लेबलवरही ३८ लिहिलेलं. घेतला की! वर्षभर तिथे राहूनही डोक्यात आलं नाही की ते ३८ इंच नव्हेत, तो युरोपचा साइज नंबर आहे. जर्मन ३८ असतो साधारण ८८ सेंटिमीटर छातीला, म्हणजे साडेचौतीस इंचांच्या आसपास. गंमत म्हणजे तोच साइज फ्रान्समध्ये ४० होतो.

कोट आईच्या खांद्यांवर कसाबसा चढला, पण पुढून बटणं लागेनात. आत स्वेटर, त्याच्या आत ब्लाउज, साडीचा पदर. आई म्हणाली, "राहू दे गं, मला नाही वाजत एवढी थंडी." बस स्टॉपवर हाताची घडी घालून उभी राहिली. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत तिच्या हाताची घडी आहे. आणि घरी आल्यावर म्हणते काय, "मीच जाड झालेय बाई." चूक माझी होती, लेबल मी वाचलं नव्हतं, आणि दोष मात्र तिने स्वतःच्या शरीराला दिला. हे मला आजही टोचतं. म्हणून आज बॉडी शेपबद्दल बोलणार आहे, पण ते नासपती-सफरचंदवालं नाही हं. फळांची नावं देऊन काही कळत नाही. कापड कुठे ओढलं जातंय, एवढंच बघायचं.

पण शेपच्या आधी गरज. तुमची थंडी कोणती, ते आधी ठरवा. मँचेस्टरला जानेवारीत दिवसा सहा-सात अंश असतात. आकडा ऐकून वाटतं, एवढंच? पण वारा आणि भुरभुर पाऊस आठवडाभर सुटत नाही. तिथे ओल आणि वारा अडवणारा कोट हवा. टोरांटोला किंवा मिनियापोलिसला उणे पंधरा सहज होतं, पण तेव्हा हवा कोरडी असते. तिथे जाड भरावाचा, मांडीपर्यंत येणारा कोट हवा. आणि तुम्ही चार दिवसांसाठी मनालीला चाललात, तर विकत घेऊच नका. सोलांगच्या वाटेवर कोट आणि बूट भाड्याने देणारी दुकानं ओळीने आहेत. पुण्यातल्या डिसेंबरला तर कोट लागतच नाही, तो आपण हौसेने घालतो. हौस असू दे, पण तिच्यावर पंधरा हजार घालवू नका.

आता कापड. लोकरीचा कोट थोडा दमट झाला तरी ऊब धरून ठेवतो, ऑफिसला शोभतो, वर्षानुवर्षं टिकतो. पण दिसतो लोकरीसारखा आणि असतो निव्वळ पॉलिएस्टर, असेही ढिगाने मिळतात. आतल्या बाजूची पट्टी वाचा. सत्तर-ऐंशी टक्के लोकर आणि बाकी नायलॉन असेल तर बिनधास्त घ्या, नायलॉनने मजबुती येते. कापड तोंडाला लावून जोरात फुंकर मारा. पलीकडे धरलेल्या हाताला हवा लागली तर वाराही तसाच आत येणार.

फुगीर जॅकेट, म्हणजे पफर, त्यात दोन जाती. एकात बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं, म्हणजे डाऊन. त्यावर ५५०, ७००, ८०० असा फिल पॉवरचा आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितकी कमी वजनात जास्त ऊब. पण डाऊन भिजलं की गोळा होतं आणि ऊब संपते. म्हणून पावसाळी गावात कृत्रिम भरावाचं घ्या, किंवा डाऊनच्या वर पाणी अडवणारं कापड आहे का ते बघा.

आणि ट्रेंच कोट! सगळ्यांना हवा असतो. ट्रेंच म्हणजे खंदक. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी तो घालायचे, खांद्यावरच्या पट्ट्या तेव्हापासूनच्या. थॉमस बर्बेरीने १८७९ मध्ये गॅबर्डिन नावाचं घट्ट विणीचं कापड काढलं, त्याचा वारसा हा. वारा-पाऊस तो छान अडवतो, पण आत अस्तराशिवाय काही नसतं. तो मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबरचा कोट आहे. जानेवारीत तो घालून फिरणारी मुलगी दिसली तर समजा, फोटो काढायला निघालीय.

आता मापाकडे येऊ. ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायकांना हे लगेच कळेल, कारण शब्द तेच आहेत: खांदा, मुंढा, टक्स, माया. कोटात पहिला बघायचा तो खांदा. शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. जाड स्वेटरसाठी बोटभर बाहेर गेली तरी चालेल. खांदा चुकला तर कोट तिथेच ठेवा, कारण तो दुरुस्त करायचा म्हणजे बाही, अस्तर, पॅड सगळं उसवायचं. कंबर आत घेणं, बाही आखूड करणं, उंची कमी करणं ही मात्र सोपी कामं. बाही किंवा कंबर वाढवायची असेल तर आत माया किती सोडलीय ते चाचपून बघा. तयार कपड्यात बहुतेक वेळा नसतेच. आणि हे काम ब्लाउजवाल्या काकूंकडे नेऊ नका, कोट-ब्लेझर शिवणाऱ्या शिंप्याकडे न्या. खांदे रुंद किंवा खूप उतरते असतील तर रॅग्लन बाही शोधा. तिची शिवण गळ्यापासून तिरकी काखेत जाते, खांद्यावर शिवणच नसते, म्हणून चुकायचा प्रश्नच नाही.

छाती भरलेली असेल, जशी मेसेजवालीची आहे, तर दोन ओळी बटणांचा कोट टाळा. पुढे कापडावर कापड येतं, नुसता फुगवटा वाढतो. एका ओळीची बटणं घ्या, आणि साइज खांद्याला आणि छातीला बसेल तो. कंबर ढगळ राहील, ती शिंपी घेईल आत. प्रिन्सेस कट ब्लाउजमध्ये शिवता ना, तोच कोटातही मिळतो. उभ्या शिवणींमुळे छातीला जागा मिळते आणि कंबर लोंबत नाही.

कंबरेखाली रुंद असाल तर शेवटचं बटण लावून खाली बसा. मांडीवर आडव्या सुरकुत्या पडल्या तर कोट छोटा आहे, तुम्ही मोठ्या नाही. खाली घेर सुटणारा ए-लाइन बघा. पोट पुढे असेल तर सरळ पडणारा कोट घ्या. पट्टा बसत नसेल तर काढून टाका, पट्ट्याच्या कड्याही उसवता येतात. आणि बारीक असाल तर उलट पट्टा घ्याच, कारण अंगापेक्षा फार ढगळ कोटात खालून गार हवा शिरते आणि अंगाने तापवलेली ऊब निघून जाते.

उंची कमी असेल तर पेटीट विभागात जा. पेटीट म्हणजे बारीक नव्हे. यूकेमध्ये तो साधारण पाच फूट तीन इंच किंवा त्याहून कमी उंचीसाठी असतो, आणि त्यात मोठे साइजही मिळतात. फक्त खालून कापून भागत नाही. पेटीट कोटात कंबर वर असते आणि खिसेही वर असतात. साधा लांब कोट घेऊन कापलात तर खिशात हात घालायला वाकावं लागतं. हसू नका, मी वाकलेय.

एक गोष्ट तिकडच्या व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही: आत काय घालणार? कुर्ता घालत असाल तर आखूड कोटाखालून तो वीतभर बाहेर लटकतो आणि पावसात तोच आधी भिजतो. कोट कुर्त्यापेक्षा लांब हवा. साडीवर लांब कोट घालायचा तर वरून आणि खालून दोन्हीकडून उघडणारी चेन बघा. बसमध्ये चढताना आणि बसताना खालून उघडता येते, निऱ्या ओढल्या जात नाहीत.

म्हणूनच म्हटलं, इथून घेऊ नकोस. पुण्यात सप्टेंबरच्या उकाड्यात जाड स्वेटर घालून कोण ट्रायल घेतं? विमानतळापुरतं एक साधं जॅकेट ने. ऑक्टोबर अखेरपर्यंत त्यावर निभतं. मग तिथे दुकानात स्वतःचा स्वेटर घालून, लॅपटॉपची बॅग पाठीवर टाकून कोट घालून बघ. बसचा दांडा धरल्यासारखा हात वर कर. स्वतःला मिठी मार. पाठीत ताण आला तर पुढचा साइज. बजेट कमी असेल तर चॅरिटी शॉप्समध्ये लोकरीचे चांगले कोट स्वस्तात मिळतात. फक्त काखेतलं अस्तर फाटलेलं नाही ना ते बघ, आणि कापड उजेडावर धर, कसरीची भोकं लगेच दिसतात.

नवा कोट घेतलास तर पाठीमागच्या फटीवर धाग्याची फुली असते. ती कापायची असते, डिझाइन नाही ते. मी पहिला कोट आख्खा हिवाळा फुलीसकट घातला होता.

आईला मी दुसरा कोट घेतला, पुढच्या वर्षी, तिला सोबत नेऊन. ट्रायल रूममध्ये वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली, हात वर केले, मग म्हणाली, "हा घालून नाशिकला कुठे जाऊ?" आता तो गोदरेजच्या कपाटात आहे, कडुनिंबाच्या पाल्यासकट.

तुमचा प्रश्न पाठवताना उंची, कुठे जाणार आणि आत काय घालणार, एवढं नक्की लिहा.